खो मिळाल्यासारखं उठायचं: स्की जंपरच्या पायांची ताकद कशी मोजावी

खो-खोत चौकोनात उकिडवं बसून वाट पाहताना एक गोष्ट अंगात भिनते. खो मिळाला की आधी खाली दबायचं नाही, आहे तिथूनच उठायचं. जरा दबून मग उठलं, की समोरचा गडी हाताबाहेर गेलाच. मी इचलकरंजीत आठ वर्षं खो-खो खेळले, मग पुण्यात फिजिओथेरपी केली आणि बायोमेकॅनिक्स शिकायला फिनलंडमध्ये युवास्कुलाला आले. हे मत्ती न्युकॅनेनचं गाव. १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये स्की जंपिंगची, म्हणजे पायाला स्की बांधून उंच घसरपट्टीवरून हवेत लांब झेपावण्याच्या खेळाची, तिन्ही सुवर्णपदकं त्याच्या वाट्याला आली होती, आणि इथल्या टेकडीला त्याचंच नाव आहे. त्या टेकडीखाली उभं राहून मी पहिल्यांदा सराव पाहिला, तेव्हा मला आमचा चौकोनच आठवला. एक मुलगी उकिडव्या बैठकीत घसरपट्टीवरून सुसाट खाली आली आणि टोकाला पोचताच, न दबता, त्याच बैठकीतून उठली.

गेली नऊ वर्षं मी १३ ते १९ वयाच्या जंपर मुलामुलींच्या ताकदीच्या चाचण्या घेते आहे. क्रीडाविज्ञान शिकणारी आपली मुलं अधूनमधून विचारतात, की हे नक्की करतात कसं. म्हणून नीट लिहून काढते. फोर्स प्लेट, म्हणजे पायांचा जोर क्षणाक्षणाला मोजणारी जमिनीवरची पाटी, नसली तरी यातलं बरंचसं मोबाइलवर जमतं.

आधी टेबल समजून घ्या

घसरपट्टीच्या शेवटच्या सरळ भागाला जंपर ‘टेबल’ म्हणतात. नाव टेबल असलं तरी ते आडवं नसतं, मोठ्या टेकडीवर खालच्या बाजूला साधारण ११ अंश उतरतं असतं. तिथे जंपरचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. उठायला लागतात साधारण ०.३ सेकंद. तेवढ्यात तो साडेसात मीटर पुढे गेलेला असतो. एक शतांश सेकंद उशीर झाला तर २५ सेंटिमीटर गेले.

या ०.३ सेकंदात पायांनी काय कमवायचं असतं? टेबलाला लंब दिशेने वेग. समजा, तो सेकंदाला २.५ मीटर मिळाला. पुढचा वेग २५ आणि वरचा २.५, म्हणजे उड्डाणाची दिशा जेमतेम पावणेसहा अंशांनी वर वळते. उतार ११ अंशांचा, म्हणून जंपर टेबल सोडतो तेव्हाही तो किंचित खालीच चाललेला असतो. टीव्हीवर ‘उंच झेप’ दिसते ती खरी तर एवढीच. पण हे पाच-सहा अंश नसतील, तर पुढच्या हवेतल्या कामाला सुरुवातच चुकीची होते.

टेबलाच्या आधी घसरपट्टी खोलगट वळते. तिची त्रिज्या १०० मीटर धरली, तर २५ च्या वेगाला तिथे ६.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं जादा त्वरण लागतं. सोप्या भाषेत, ६० किलोच्या मुलाला आपण ९८ किलोचे झालो असं वाटतं. वळण संपून सरळ टेबल आलं की ते ओझं एकदम उतरतं आणि नेमकं तेव्हाच उठायचं असतं. हे हॉलमध्ये कुठल्याही चाचणीत हुबेहूब घडवता येत नाही. ही मर्यादा मान्य करूनच पुढे जायचं.

आणखी दोन गोष्टी. खो-खोत उठताना आपण जमिनीला मागे रेटतो आणि पुढे सुटतो. इथे पायाखाली स्की घसरत असते, मागे रेटायला काही नाहीच. सगळं बल टेबलाला लंब जायला हवं. दुसरं म्हणजे बूट. जंपिंगचे बूट मागून उंच आणि ताठ असतात. घोटा पुढे झुकतो, पण टाच उचलून पंज्यावर उभं राहायला ते फारसं देत नाहीत. पिंढरीचा शेवटचा झटका, जो व्हॉलीबॉलपटूला इतका कामाला येतो, तो इथे बराचसा बाद. काम गुडघ्यांचं आणि नितंबाच्या सांध्यांचं.

चाचणीच्या दिवशी

आदल्या दिवशी टेकडी नाही आणि जड वजनंही नाहीत. वेळ दरवेळी तीच. मी सकाळी दहा ठरवली आहे, कारण शाळकरी मुलं दुपारनंतर थकलेली असतात. आधी उंची, बसलेली उंची आणि वजन. बसलेली उंची यासाठी, की वाढीच्या जोरात असलेल्या मुलाचे पाय आधी लांब होतात, अंगाचं गणित बिघडतं आणि उडी काही महिने जागच्या जागी राहते. हे माहीत नसलं, तर प्रशिक्षक त्या पोराला आळशी ठरवून मोकळे होतात.

मग दहा मिनिटं सायकल, घोटे आणि नितंबाचे सांधे मोकळे करणं, आणि उकिडवं बसून तीस सेकंद थांबणं, तीन वेळा. आपल्याकडे टाचा टेकवून उकिडवं बसणं लहानपणापासून अंगवळणी असतं. इथल्या कित्येक मुलांना ते मुद्दाम शिकवावं लागतं. भिंतीपासून पाऊल किती लांब ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो, ते दोन्ही पायांचं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवते. घोटा झुकत नसेल तर घसरपट्टीवरची बैठक मागे पडते, मग पुढचे सगळे आकडे त्याच एका कारणाने कमी येतात. शेवटी तीन-चार हलक्या उड्या आणि तीन मिनिटं विश्रांती.

मुख्य चाचणी: थांबलेल्या बैठकीतून उडी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. स्क्वॉट जंप सगळेच घेतात, पण बहुतेक जण गुडघ्याचा कोन ९० अंशांवर ठेवतात. जंपर घसरपट्टीवर त्याहून खोल बसतो, गुडघा साधारण ७० ते ८० अंशांत असतो, छाती मांड्यांवर टेकत आलेली आणि हात मागे अंगालगत. मी तीच बैठक घेते. प्रत्येकाचा त्याच्या टेकडीवरच्या व्हिडिओतून कोन काढते आणि हॉलमध्ये मागे एक रबरी दोरी आडवी बांधते. बूड दोरीला जेमतेम टेकलं की बैठक बरोबर. दोरीची उंची त्याच्या नावापुढे लिहिलेली असते, पुढच्या वेळी तीच.

प्लेटवर बसायचं, तीन सेकंद स्थिर थांबायचं, मी ‘होप’ म्हटलं की सरळ वर. हात मागेच राहतील. पाच उड्या, मध्ये दीड मिनिटं विश्रांती. सगळ्यात चांगल्या तीन उड्यांची सरासरी घेते. एकच सर्वोत्तम उडी घेतली की नशिबाचा वाटा वाढतो.

आता जी चूक मी स्वतः केली ती सांगते. तिसऱ्या वर्षी एका सोळा वर्षांच्या मुलाची उडी उन्हाळ्यात तीन सेंटिमीटरने वाढली. मी आनंदाने प्रशिक्षकांना कळवलं आणि तोच व्यायाम पुढे चालू राहिला. शरद ऋतूत टेकडीवर मात्र तो सतत उशिरा उठत होता. शेवटी मी जुने आलेख उघडून बसले. उठण्याआधी बलाची रेघ किंचित खाली जात होती. तो डोळ्याला कळणार नाही इतकं आधी दबत होता. दबून उठलं की स्नायूला ताण मिळतो, म्हणून हॉलमध्ये आकडा वाढतो. ताशी ९० किलोमीटरवर दबायला वेळ नसतो. मी संगणकाने दिलेला आकडा वाचला होता, रेघ पाहिलीच नव्हती. त्या मुलाचा एक उन्हाळा माझ्यामुळे चुकीच्या वाटेने गेला, याची टोचणी आजही आहे.

तेव्हापासून नियम असा: उठण्याआधी रेघ शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त खाली गेली तर ती उडी बाद. मुलाला आलेख तिथल्या तिथे दाखवायचा आणि पुन्हा उडी घ्यायची. मुलं हे फार लवकर शिकतात. मोबाइलवर करत असाल तर बाजूने चित्रण करा आणि कमरेवर एक पांढरी पट्टी चिकटवा. ती आधी खाली गेली का, ते सावकाश चालवून दिसतं.

आकडे काढायचे कसे? प्लेट असेल तर बलातून वजन वजा करून उठण्याच्या काळातला आवेग (बल गुणिले वेळ) काढायचा आणि वस्तुमानाने भागायचं. ६० किलोच्या मुलीचा निव्वळ आवेग १६२ न्यूटन-सेकंद आला, तर सुटतानाचा वेग २.७ मीटर प्रति सेकंद. उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले १९.६२, इथे सुमारे ३७ सेंटिमीटर. प्लेट नसेल तर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण करून हवेतला वेळ मोजा. वेळेचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८, ही झाली उंची. ०.५५ सेकंदाला तेच ३७ सेंटिमीटर येतात. एक फ्रेम चुकली तर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो, तेवढा चालेल. न चालणारी चूक वेगळीच आहे: गुडघे दुमडून उतरलं की हवेतला वेळ खोटा वाढतो. पाय सरळ ठेवून पंज्यावर उतरायला लावा. हवेतल्या वेळेवरून पायांची शक्ती मोजण्याची सोपी रीत याच गावच्या विद्यापीठातून जगभर गेली. ती मांडणारा संशोधक कार्मेलो बॉस्को इटलीहून इथे प्राध्यापक पाव्हो कोमींकडे येऊन राहिला होता.

जंपरसाठी मी उंचीपेक्षा दोन आकडे वर लिहिते: सुटतानाचा वेग आणि उठायला लागलेला वेळ. दोघांचा वेग २.७ असू शकतो, पण एकाला ०.३२ सेकंद लागतात आणि दुसऱ्याला ०.४२. टेकडीवर हा दहावा हिस्सा अडीच मीटरचा आहे. दुसऱ्याला अडीच मीटर आधी उठायला सुरुवात करावी लागेल, आणि तिथे अजून वळण संपलेलं नसेल. दुसऱ्याला ‘ताकद कमी आहे’ म्हणून जड बैठका देणं हे चुकीचं औषध. त्याची ताकद आहे, ती जमायला वेळ घेते.

दबून मारलेली उडीही मी घेते, तीनच. तिच्यात आणि थांबलेल्या उडीत फारच मोठं अंतर असेल, तर ते मूल खोल बैठकीतून सुरुवात करताना अडतं एवढं कळतं. याहून जास्त त्यातून काढत नाही.

वयाने सोळा पूर्ण आणि बैठकीची रीत पक्की असेल, तरच खांद्यावर दांडा देऊन उड्या. शरीराच्या वजनाच्या २०, ४० आणि ६० टक्के. वजन वाढवत नेलं की वेग कसा घसरतो, त्याची रेघ काढायची. हलक्या बाजूला चांगला आणि जड बाजूला कोसळणारा मुलगा मूळ ताकदीत कमी. उलट असेल तर त्याला जलद उड्या हव्यात. लहान मुलांना झाडूचा दांडा पुरे, त्यांची ही चाचणी मी घेतच नाही.

न हलता रेटणं

यासाठी एक पट्टा कमरेला, त्याची साखळी जमिनीतल्या कडीला. घसरपट्टीची बैठक घेऊन साखळी ताणलेली ठेवायची आणि प्लेटवर उभं राहून वर उठायचा जोर लावायचा. साखळी देत नाही, फक्त बल वाढतं. तीन सेकंद, तीन वेळा, मध्ये दोन मिनिटं.

इथे तोंडी सूचनेला फार महत्त्व आहे. ‘जोरात’ एवढंच म्हटलं तर मुलं हळूहळू चढवत नेतात. मी दरवेळी तेच शब्द वापरते: ‘लगेच आणि पूर्ण.’ मग पाहायचं सुरुवातीपासून १०० मिलिसेकंदांचं आणि २०० मिलिसेकंदांचं बल. सर्वोच्च बल यायला बरेचदा सेकंदभर लागतो आणि टेबलावर तेवढा वेळ नसतो. तरी सर्वोच्च आकडाही लिहिते, कारण वाढत्या वयात तो चढतो आहे ना, हे कळायला हवं. साखळी सैल असेल तर सगळं वाया. आधीचा ताण प्रत्येक वेळी सारखा आहे ना, ते रेघेवर तपासा.

दोन प्लेट शेजारी असतील तर डावं-उजवं वेगळं दिसतं. एक पाय सातत्याने जास्त रेटत असेल तर मी आधी जुनी दुखापत विचारते. टेलिमार्क, म्हणजे एक पाय पुढे टाकून उतरण्याची पद्धत, करताना पुढे नेहमी तोच पाय टाकण्याची सवय असते, तिचाही संबंध असू शकतो. एकाच दिवसाच्या फरकावर मात्र काही ठरवत नाही.

नक्कल उडी

ही चाचणी बाहेरच्या माणसाला सगळ्यात विचित्र वाटते. जंपर प्लेटवर घसरपट्टीची बैठक घेतो आणि टेकडीवर उठतो तसाच, पुढे झेपावत उठतो. समोर उभा असलेला प्रशिक्षक त्याला कमरेशी धरून हवेतच झेलतो. झेलणारा ओळखीचा आणि भरवशाचा हवा. नवख्याच्या हाती दिलं तर मूल अर्ध्या जोराने उडतं आणि तुम्ही भीती मोजता.

प्लेटवर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, आडवं बल. पुढे झेपावण्यासाठी मूल जमिनीला मागे रेटत असेल तर बर्फावर ते चालणार नाही, तिथे पायच मागे निसटतील. दुसरी, पावलाखालचा दाब कुठून कुठे सरकतो. पुढे कलण्यासाठी लागणारी फिरकी बलाची रेघ शरीराच्या वस्तुमान केंद्राच्या किंचित मागून गेल्याने मिळते. दाब आधीच बोटांवर गेला की ती हरवते आणि जंपर हवेत उभाच्या उभा राहतो. रेटू नये हे शिकवायला आम्ही चाकांच्या फळीवर नक्कल उडी मारायला लावतो. मागे रेटलं की फळी मागे पळते, मुलाला सांगावंच लागत नाही.

हीच उडी एकदा सरावाच्या बुटांत आणि एकदा जंपिंगच्या बुटांत घ्या. जंपिंगच्या बुटांत वेग कमी होणारच. पण ज्याचा फारच कमी होतो तो साध्या बुटात पिंढरीच्या जिवावर उडत असतो. हा फरक दुसरी कुठलीच चाचणी दाखवत नाही, म्हणून वेळ कमी असला तरी मी ही सोडत नाही. खऱ्या टेबलाखाली बल मोजणाऱ्या प्लेट बसवून मिक्को विर्माविर्ता आणि कोमी यांनी केलेली मोजणी मी शिकत असताना वाचली. टेकडीवरच्या उडीत हवाही अंगाला वर उचलते, हॉलमध्ये ती नसते. म्हणून नक्कल उडीचा आकडा त्या मुलाच्या मागच्या आकड्याशीच ताडायचा.

वजनाबद्दल, सावकाश वाचा

सगळ्या अहवालांत शक्ती दर किलोमागे लिहितात. या खेळात हलकं अंग लांब जातं, त्यामुळे हा आकडा धोक्याचा आहे. वरचीच मुलगी घ्या. ६० किलो, आवेग १६२, वेग २.७. तिचं वजन ५७ झालं आणि आवेग तोच राहिला, तर वेग २.८४ होतो आणि उडी ४१ सेंटिमीटर. ताकद तसूभरही वाढली नाही आणि कागदावर चार सेंटिमीटरची प्रगती. म्हणून माझ्या कागदावर दर किलोच्या आकड्याशेजारी नुसते न्यूटन आणि न्यूटन-सेकंद असतातच. न्यूटन घटतायत आणि दर किलोचा आकडा वाढतोय असं दिसलं, तर चाचणी थांबवून मी मुलाशी एकटीने बोलते.

एका मुलीच्या बाबतीत मला हे उशिरा दिसलं. दर किलोच्या यादीत ती पहिली आली, मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ती दुपारचं जेवण टाळत होती आणि पाळी चार महिने आली नव्हती, हे पुढे तिच्या आईकडून कळलं. माझ्या कौतुकाने तिला काय सांगितलं असेल, याचा विचार करून मी कित्येक रात्री जागी होते. ती सावरली, आज शिकवते आहे, उडत नाही.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २००४-०५ च्या हंगामापासून उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर स्की आखूड करण्याचा नियम आणला. स्कीची लांबी जास्तीत जास्त उंचीच्या १४५ टक्के, म्हणजे १७० सेंटिमीटरच्या मुलाला २४६.५ सेंटिमीटर. स्की आखूड झाली की हवेतला आधार कमी होतो. नियम चांगला आहे, पण तो स्पर्धेच्या दिवशीचं वजन बघतो. रोजचं ताट बघायला जवळचं माणूसच लागतं. म्हणून चाचणीच्या सकाळी मी झोप, जेवण, आजारपण आणि मुलींना पाळी विचारते, बंद खोलीत, प्रत्येकाला एकेकटं. गडबड वाटली तर आधी डॉक्टर, उड्या नंतर.

आकडा वाढला म्हणजे काय

मोजमापात थोडा हेलकावा असतोच. तो किती, हे स्वतःच्या हॉलमध्ये काढा. दहा-बारा मुलांची तीच चाचणी एका आठवड्याच्या अंतराने दोनदा घ्या, मध्ये नवा व्यायाम नको. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढा, त्या फरकांचं प्रमाण विचलन १.४१ ने भागा. समजा, दीड सेंटिमीटर आलं, तर एक सेंटिमीटरच्या वाढीवर टाळ्या नाहीत आणि एक सेंटिमीटरच्या घटीवर बोलणीही नाहीत.

वर्षात मी तीनदाच पूर्ण चाचण्या घेते. मेमध्ये, हंगाम संपून विश्रांती झाल्यावर. ऑगस्टमध्ये, प्लॅस्टिकच्या चटयांवरच्या उन्हाळी उड्या भरात असताना. आणि ऑक्टोबरच्या शेवटी, बर्फ पडण्याआधी. मधल्या काळात सोमवारी सकाळी फक्त तीन थांबलेल्या उड्या, पाच मिनिटांचं काम. त्यावरून थकवा कळतो.

निकालाची यादी मी भिंतीवर लावत नाही. प्रत्येक मुलाला त्याच्या मागच्या आलेखावर आजचा आलेख पारदर्शक कागदावर छापून ठेवून देते. दोन रेघा एकमेकींवर असतात, कुठे लवकर चढली, कुठे आधी दबली, ते त्याचं त्यालाच दिसतं. मग तो कागद घेऊन आम्ही दोघं टेकडीवर जातो, आणि टेबलाच्या बाजूच्या पायऱ्यांवर मी कॅमेरा लावते.